हिरव्या स्मूदीत चमचाभर स्निग्धता

पालक आणि फळांची स्मूदी प्यायली की तासाभरात पुन्हा भूक लागते? बहुधा तिच्यात स्निग्ध पदार्थच नसतो. पालकातली अ आणि के जीवनसत्त्वं अंगी लागायलाही थोडी स्निग्धता हवीच.

एका ग्लासाला यांपैकी एकच घाला: पाव अ‍ॅव्होकाडो, ८-१० भिजवलेले बदाम किंवा १ मोठा चमचा जवसाची पूड. जवस अख्खे टाकू नका, न पचता तसेच बाहेर पडतात. पूडही थोडीच करा आणि हवाबंद डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर खवट वास येतो.

बदाम वापरत असाल तर आधी ते पालक आणि पाण्यासोबत अगदी गुळगुळीत वाटा, फळं नंतर. सगळं एकदम टाकलं की दाताखाली कण येतात. हा क्रम मला उशिरा सुचला!

अ‍ॅव्होकाडो पिकला की एकदम पिकतो. फोडींना लिंबू चोळून फ्रीझरमध्ये टाका; मग बर्फही लागत नाही.

फक्त हात आवरा. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी, आणि बदामाचं बटरही फार मागे नाही.