गोडव्याची गोळी चहात कधी टाकायची?

आईच्या चहात साखरेऐवजी दोन गोळ्या टाकल्या तरी तिचं एकच, "अगं, फिकाच आहे." मग तिसरी. दोष गोळीचा नव्हता, मी ती चहापत्तीबरोबरच उकळत होते.

१. डबी उलटी करून घटकांतला आकडा बघा. ९५१ म्हणजे अ‍ॅस्पार्टेम, ९५५ म्हणजे सुक्रालोज.

२. ९५१ असेल तर चहा कपात गाळल्यावरच गोळी टाका. उकळत ठेवलं की अ‍ॅस्पार्टेमचा गोडवा कमी होत जातो. शिरा-खिरीत तर ते नकोच.

३. ९५५ उकळीला टिकतं. खिरीत घालायचंच तर ते.

४. गोळीऐवजी पुडी आणत असाल तर डेक्स्ट्रोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिन लिहिलंय का पाहा. असेल तर पुडीतली बहुतेक पावडर तीच असते, आणि तिनेही रक्तातली साखर वाढते. 'बिनसाखरेची' म्हणून मधुमेहींनी सढळ हाताने ओतू नये.

किती चालेल, हे आईनेही विचारलं. अ‍ॅस्पार्टेमची रोजची मर्यादा वजनाच्या दर किलोमागे ४० मिलिग्रॅम. २०२३ साली पुन्हा तपासणी झाली, तेव्हाही तीच कायम राहिली. म्हणजे ६० किलोच्या माणसाला २४०० मिलिग्रॅम. एका गोळीत किती ते डबीवर बघून भागाकार करा. दिवसाच्या चार कपांनी आपण त्याच्या जवळपासही जात नाही.

फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार असलेल्यांना मात्र ९५१ अजिबात देऊ नका, अर्धी गोळीसुद्धा.