भातकापणीच्या दिवसांत रस्त्यावरचा ट्रॅक्टर: वळताना आणि मागून येताना

ऑक्टोबरात पावसाने उघडीप दिली की गोव्यातल्या पेडणे, डिचोली, सत्तरीत पावसाळी भात कापणीला येते आणि ट्रॅक्टर, पॉवर टिलर (मुठी धरून चालवायचे दोन चाकांचे नांगरणीयंत्र), कापणीयंत्र वाहणारे ट्रक सगळे एकदमच रस्त्यावर उतरतात. रस्ता मात्र तोच: एका बाजूला चिऱ्यांची भिंत, दुसऱ्या बाजूला गटार, पुढे आंधळे वळण.

ताशी ६० किलोमीटरने येणारी मोटरसायकल सेकंदाला सुमारे १७ मीटर कापते. पुढे ताशी २० ने ट्रॅक्टर चालला असेल, तर मधले १०० मीटर अंतर नऊ सेकंदांत संपते. लांबून ट्रॅक्टर दिसला की लगेच वेग उतरवा, जवळ जाऊन ब्रेक मारू नका.

सगळ्यात जपायचे ते ट्रॅक्टर शेतात वळतो तेव्हा. शेताची वाट अरुंद. ट्रॉली आत नीट शिरावी म्हणून डावीकडे वळणारा चालक ट्रॅक्टर आधी थोडा उजवीकडे घेतो. मागच्या दुचाकीवाल्याला डावी बाजू मोकळी दिसते आणि तो तिथेच घुसतो. उजवीकडे वळताना याच्या उलट: ट्रॅक्टर हळू झाला म्हणजे साइड दिली असे समजून मागचा ओव्हरटेक करायला जातो. इंजिनाच्या आवाजात तुमचा हॉर्न चालकाला ऐकू येईलच असे नाही, आणि ट्रॉली पेंढ्याने भरलेली असेल तर आरशात त्याला पेंढाच दिसतो. म्हणून शेताच्या तोंडाशी ट्रॅक्टर मंदावला की मागेच थांबा. भाड्याच्या स्कूटरवर आलेल्या पाहुण्याला हे ठाऊक नसते, तेव्हा ट्रॅक्टरच्या चालकानेच जास्त सांभाळायला हवे. इंडिकेटर चालत नसेल तर हात लांब बाहेर काढून दाखवा, वळण्याआधी एकदा मान वळवून मागे बघा. मागच्याला ‘जा पुढे’ म्हणून हात करायची आपल्याकडे सवय आहे, ती सोडलेली बरी. समोरून कोण येते ते ज्याचे त्याने पाहावे.

शेतात आखूड वळण घ्यायला ट्रॅक्टरचे डावे-उजवे ब्रेक वेगवेगळे दाबतात. डांबरी रस्त्यावर येण्याआधी दोन्ही पेडल खिटीने जोडून घ्या. एकच पेडल दाबले गेले तर ट्रॅक्टर त्या बाजूला खेचला जातो, ट्रॉलीसकट उलटूही शकतो. चिखलात वापरायची लोखंडी चाके रस्त्यावर आणू नयेत.

पॉवर टिलरवाल्यांनी उतारावर विशेष जपावे. सपाटीवर डावा स्टिअरिंग क्लच (त्या बाजूच्या चाकाला मिळणारी इंजिनाची ताकद तोडणारी मुठीजवळची खटकी) दाबला की टिलर डावीकडे वळतो. उतारावर इंजिनाने रोखून धरलेला असताना तोच क्लच दाबला, तर डावे चाक मोकळे सुटते आणि टिलर उजवीकडे जातो. नवीन चालक इथेच गोंधळतो. उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाका, उतारावर गिअर बदलू नका आणि क्लचला हात लावू नका.

ऑक्टोबरअखेर सहा वाजून गेले की सूर्य मावळतो आणि कामे तर उरकलेली नसतात. ट्रॉलीच्या मागे लाल, बाजूला पिवळी परावर्तक पट्टी लावा आणि ती चिखलाने माखली असेल तर निघताना फडक्याने पुसा. पेंढा पट्टीवर लोंबत असेल तर पट्टी असून नसल्यासारखीच. ट्रॉलीवर, मडगार्डवर माणसे बसवू नका, मुलांना तर नकोच.

टायरला लागलेला चिखल रस्त्यावर येण्याआधी खरवडून काढा. दवाने ओला झाला की त्यावरून दुचाकी हमखास घसरते.

राहिले भात वाळवणे. अंगण पुरत नाही म्हणून रस्त्यावर भात पसरणाऱ्याला दोष देणे सोपे आहे, पण दाण्यांवरून चाक घसरते हेही खरेच. शक्यतो मंदिराचे किंवा शाळेचे पटांगण विचारून घ्या. रस्त्यावरच पसरावे लागले तर वळणापासून लांब पसरा, कडेला दगड रचण्यापेक्षा रिकामी पोती ठेवा आणि अंधार पडायच्या आत भात गोळा करून रस्ता झाडून घ्या.