घरच्या खोलीत स्टुडिओ मॉनिटर लावताना या चुका टाळा

घरी गाण्याच्या मिक्समध्ये नीट बसवलेला डग्गा आणि किक (ड्रम-सेटचा पायाने वाजणारा ड्रम) गाडीत लावल्यावर नुसते घुमतात. मग संशय पाच इंची मॉनिटरवर, म्हणजे मिक्सिंगच्या स्पीकरवर, जातो आणि आठ इंची घ्यायचा विचार सुरू होतो. १० बाय १०च्या बेडरूममध्ये तो खर्च बहुतेक वाया जातो. बिघाड मांडणीत असतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे खोलीच्या बरोबर मध्ये बसणं. १० फुटांवरच्या समोरासमोरच्या भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झला उभी लहर (भिंतींमध्ये अडकलेली, जागची न हलणारी) तयार होते आणि मधोमध तिचा आवाज जवळपास शून्य होतो. लांबी-रुंदी सारखी असली की दोन्हीकडून तोच सूर. छत साडेनऊ फुटांवर असेल तर तिसरा ५९ हर्ट्झला. खात्री करायची तर ५६ हर्ट्झचा साइन टोन (नुसता तो एकच सूर) हळू लावून खुर्ची पुढेमागे सरकवा. मध्ये टोन हरवतो, मागच्या भिंतीला टेकलात की घुमतो. जो बेस ऐकूच येत नाही तो तुम्ही वाढवत बसता, आणि गाडीत तोच बाहेर पडतो.

कान समोरच्या भिंतीपासून लांबीच्या ३८ टक्क्यांवर, म्हणजे इथे पावणेचार फुटांवर ठेवा. हा आकडा सुरुवातीपुरता. पुढे अर्धा फूट इकडेतिकडे करून कानाने ठरवा. दोन्ही मॉनिटरमध्ये ३ फूट, कानापर्यंतही तेवढंच, ट्विटर (मॉनिटरमधला उंच सुरांचा छोटा स्पीकर) कानाच्या उंचीला. दोन्ही बाजूच्या भिंती मॉनिटरपासून सारख्या अंतरावर हव्यात.

‘मॉनिटर भिंतीपासून लांब ठेवा’ हा सल्ला मोठ्या खोलीतला. वूफर (मॉनिटरमधला बेसचा मोठा स्पीकर) मागच्या भिंतीपासून ९० सेंटिमीटरवर असेल, तर मागून परतणारा आवाज ९५ हर्ट्झच्या आसपास खड्डा पाडतो, म्हणजे तेवढा सूर दबतो. तोच ३५ सेंटिमीटरवर ठेवला तर खड्डा २४५ हर्ट्झकडे सरकतो, आणि तिथे मागे लावलेलं १०० मिलिमीटर रॉकवूल (आवाज शोषणारी दगडी लोकर) उपयोगी पडतं. भिंतीजवळ बेस फुगतो, त्यासाठीच मॉनिटरच्या मागे स्विच असतो. यामाहा एचएस५वर ‘रूम कंट्रोल’ −२ किंवा −४ डेसिबलला घ्या.

एक इंची खाचांचा फोम भिंतभर चिकटवू नका. तो फक्त वरच्या फ्रिक्वेन्सी खातो. खोली मंद होते, बेस तसाच राहतो. त्याच पैशात घनमीटरला ४८ किलो घनतेचं रॉकवूल आणा, कापडात गुंडाळून फ्रेम करा. आधी कोपरे भरा, मग बाजूच्या भिंती. खुर्चीत बसून मित्राला भिंतीवर आरसा सरकवायला सांगा. जिथे मॉनिटर दिसेल, तिथे पॅनेल.

मॉनिटर थेट टेबलावर ठेवले की लाकूडही वाजतं. स्टँड उत्तम, नाहीतर खाली दाट फोम पॅड.

सतत गुणगुण येत असेल तर दोन्ही मॉनिटर आणि ऑडिओ इंटरफेस (कॉम्प्युटर आणि मॉनिटर जोडणारा डबा) एकाच बोर्डवर लावा, केबल बॅलन्स्ड टीआरएस (बाहेरची गुणगुण रोखणारी) वापरा. अर्थिंगची पिन मात्र काढू नका. गुणगुण थांबेल, पण शॉकची भीती राहील.

ईक्यू, म्हणजे ठरावीक फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करणं, सर्वांत शेवटी. आरईडब्ल्यू हे खोलीतला आवाज मोजणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, मोजमापाचा माइक तेवढा लागतो. ३०० हर्ट्झखालचे उंचवटे कापा, खड्डे भरू नका: ५६ हर्ट्झला १० डेसिबल वाढवलं तर अँपला दहापट ताकद लागते, वूफर धापा टाकतो आणि खड्डा तसाच राहतो. तो बुजवायला खुर्चीच हलवावी लागते.