घरगुती गायगर काउंटर नेटवर्कला जोडताय? या चुका टाळा

गायगर काउंटर किरणोत्सर्ग मोजतो: त्याच्या ट्यूबमध्ये किरण शिरला की विजेचा एक ठोका पडतो, आणि असे घरोघरचे ठोके इंटरनेटवरून एका नकाशावर जमवतं ते नेटवर्क. या ट्यूबवरचे ४०० व्होल्ट साध्या मल्टिमीटरने मोजू नका. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या बोर्डांपैकी ज्यांची ट्यूब कायमची गेलेली असते, त्यांच्यामागे बहुतेक वेळा ही एकच चूक सापडते, म्हणून सुरुवात तिच्यापासून.

आपल्यापैकी बरेच जण एसबीएम-२० ही जुन्या सोव्हिएत बनावटीची धातूची ट्यूब वापरतात. ती ३५० ते ४७५ व्होल्टच्या पट्ट्यात नीट चालते, साधारण ४००ला ठेवायची असते. बोर्डावरचं बूस्ट सर्किट हे व्होल्टेज तयार करतं खरं, पण त्याच्यात ताकद अगदीच थोडी असते, काही मायक्रोअँपियर इतकीच. मल्टिमीटरचा स्वतःचा रोध १० मेगाओहम. तो लावला की ४०० व्होल्टला ४० मायक्रोअँपियर एकटा मीटरच ओढायला बघतो, सर्किट दबतं आणि मीटर दीड-दोनशे दाखवतो. माणसाला वाटतं व्होल्टेज कमी आहे. तो स्क्रूड्रायव्हर घेऊन प्रीसेट, म्हणजे व्होल्टेज कमीजास्त करायचा बारीक स्क्रू, फिरवतो, मीटरवर ४०० दिसेपर्यंत. मग मीटर काढतो आणि ट्यूबवर सहा-सातशे व्होल्ट जाऊन बसतात. काउंटर जोरात टिकटिकायला लागतो, करणारा खूश होतो आणि आत ट्यूब सतत डिस्चार्ज होत मरत असते.

उपाय स्वस्त आहे. १०० मेगाओहमचे दहा रेझिस्टर एकापुढे एक जोडा आणि ती माळ मीटरच्या लाल टोकाला लावा. आता एकूण रोध १०१० मेगाओहम झाला, म्हणजे मीटरवर जे दिसेल त्याला १०१ने गुणायचं. ४०० व्होल्टला मीटर ३.९६ दाखवेल. माळेला हात लावू नका; बोटांचा ओलावाही इथे आकडा बिघडवतो.

जोडणीतल्या दोन चुका थोडक्यात. ट्यूबच्या टोकांना थेट सोल्डर करू नका, उष्णतेने आतलं सील जातं. काचेच्या फ्यूजला असतात तशा क्लिप वापरा. आणि ट्यूबवरची अधिक खूण पाहूनच ती बसवा. अ‍ॅनोडचा (ट्यूबच्या अधिक टोकाचा) ५ मेगाओहमच्या आसपासचा रेझिस्टर ट्यूबच्या अगदी जवळ हवा. मध्ये लांब वायर आली तर तिची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) प्रत्येक ठोक्यात ट्यूबला जास्तीचा करंट सोसायला लावते.

ट्यूब काढा आणि ऐका

काउंटर खरे ठोके मोजतोय की विजेचा गोंगाट, हे ओळखण्याची एकच चाचणी मी प्रत्येकाला करायला लावतो. ट्यूब क्लिपमधून काढा, बाकी सगळं चालू ठेवा आणि अर्धा तास मोजा. आकडा शून्य आला पाहिजे. दोन-चार जरी आले तरी तो बोर्ड नेटवर्कला जोडू नका.

गोंगाटाचा उगम बहुधा वाय-फायमध्ये असतो. ईएसपी८२६६ किंवा ईएसपी३२ ही वाय-फायची चिप माहिती पाठवताना क्षणभर तीनशे-चारशे मिलिअँपियरपर्यंत करंट खेचते. स्वस्त मोबाइल चार्जरला ते झेपत नाही, पाच व्होल्टची रेषा खाली झुकते, त्याबरोबर हाय व्होल्टेज हलतं आणि इनपुटवर खोटा ठोका पडतो. माझं पहिलं स्टेशन दर पाच मिनिटांनी एक उंच सुळका दाखवायचं. पाठवण्याची वेळही दर पाच मिनिटांचीच होती, हे लक्षात यायला मला आठवडा लागला, आणि तोवर तो आलेख आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरला होता. घरात लहान मुलं असलेल्या एका ताई रात्री दार वाजवून विचारायला आल्या, “दादा, खिडक्या बंद ठेवू का?” तेव्हापासून ट्यूब काढून अर्धा तास मोजल्याशिवाय मी एकही आकडा बाहेर जाऊ देत नाही.

ईएसपीच्या पुरवठ्यावर मोठा कपॅसिटर द्या, चार्जर बदलून पाहा, हाय व्होल्टेजचा भाग अँटेनापासून लांब ठेवा. बोर्डाचा पल्स ५ व्होल्टचा असेल तर ३.३ व्होल्टच्या पिनवर तो तसाच देऊ नका, दोन रेझिस्टर लावून कमी करा. काचेची जे३०५ ट्यूब असेल तर तिला उजेडापासूनही झाकायला हवं. कडक उन्हात ती प्रकाशालाच ठोके देते.

पावसाळा

परदेशी मांडण्या पाहून बनवलेली यंत्रं आपल्याकडे जूनमध्ये आजारी पडतात. लक्षण फसवं असतं. ठोके एकदम बंद पडत नाहीत, मिनिटाला २० वरून १७, मग १३ असे उतरत जातात. सोल्डरिंगनंतर बोर्डावर राहिलेला फ्लक्स दमट हवेतला ओलावा धरून ठेवतो, त्यातून ४०० व्होल्ट झिरपायला वाट मिळते आणि ट्यूबला पुरेसं व्होल्टेज पोचतच नाही. दूर बसून आलेख पाहणाऱ्याला वाटतं, किरणोत्सर्ग कमी झाला.

बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने घासून स्वच्छ करा, एक दिवस कोरडा होऊ द्या आणि मगच कोटिंगचा फवारा मारा. न धुता कोटिंग केलं तर ओलावा आत कोंडला जातो, ते आणखी वाईट. वायर डब्यात खालून घाला आणि बाहेर तिला एक झोळ द्या, म्हणजे पाणी वायरवरून ओघळत आत शिरणार नाही. सिलिका जेलची पुडी ठेवा आणि ती महिन्याला बदला. डब्याची भोकं बारीक जाळीने बंद करा. मुंग्या आणि पाली उबदार डबा शोधतच असतात, आणि हाय व्होल्टेजच्या रेषेवर मेलेली एक पाल अख्खं स्टेशन बंद पाडते.

मायक्रोसिव्हर्टचा मोह

मला सर्वांत कळकळीने सांगायचं आहे ते हे. नेटवर्कला दर मिनिटाचे कच्चे ठोके, म्हणजे सीपीएम पाठवा आणि सोबत ट्यूबचं नाव लिहा. फक्त मायक्रोसिव्हर्ट, म्हणजे शरीराला मिळणाऱ्या किरणोत्सर्गाच्या मात्रेचं एकक, पाठवू नका.

सीपीएमला एका गुणकाने गुणलं की मायक्रोसिव्हर्ट प्रति तास मिळतो, पण तो गुणक ट्यूबगणिक वेगळा असतो. एसबीएम-२०साठी कोणी ०.००५७ वापरतं, कोणी ०.००६५. जे३०५साठी ०.००८१२ प्रचलित आहे. मिनिटाला तेच २० ठोके पहिल्या गुणकाने ०.११ होतात आणि तिसऱ्याने ०.१६. एकाने किटमधली ट्यूब बदलली आणि प्रोग्राममधला गुणक तसाच ठेवला, तर नकाशावर त्याचं गाव शेजारच्या गावापेक्षा दीडपट तापलेलं दिसतं. शिवाय हे गुणक सिझियम-१३७सारख्या ठरावीक गॅमा स्रोतासाठी काढलेले असतात. ट्यूबच्या पातळ पत्र्यातून बीटा कणही आत येतात आणि त्यांना हा गुणक लागूच होत नाही.

मार्च २०११मध्ये फुकुशिमा दाइइची अणुऊर्जा प्रकल्पाच्या दुर्घटनेनंतर जपानमध्ये उभ्या राहिलेल्या सेफकास्ट या स्वयंसेवकांच्या किरणोत्सर्ग-मापन नेटवर्कच्या कामातून शिकण्यासारखं आहे ते इथे. त्यांच्या बीगायगी नॅनो या मोजयंत्रात सगळीकडे एकच एलएनडी ७३१७ पॅनकेक (चपटी, गोल) ट्यूब, दर पाच सेकंदांनी जीपीएससह नोंद, आणि ३३४ सीपीएम म्हणजे १ मायक्रोसिव्हर्ट प्रति तास हा एकच जाहीर गुणक. म्हणून दोन अनोळखी स्वयंसेवकांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवता येतात.

एका मिनिटावर अलार्म नको

किरणोत्सर्गाचे ठोके ठरावीक अंतराने पडत नाहीत. सरासरी २० असेल तर मिनिटाला १५ किंवा २५ येणं अगदी सहज आहे. “३० झाले की मेसेज पाठव” असं तुम्ही लिहिलंत, तर काहीही घडलेलं नसताना तो मेसेज दिवसाला तीसेक वेळा येईल. हिशेब करून पाहा. चार दिवसांत लोक तो पाहणं सोडतील. दहा मिनिटांची बेरीज घ्या. तिथे सरासरी २०० येते, चढउतार साधारण १४चा, आणि ३००चा आकडा आला तर खरोखर काहीतरी झालेलं असतं, यंत्रात तरी नाहीतर हवेत.

नेट गेलं असेल त्या वेळेसाठी शून्य पाठवू नका, नोंद रिकामी ठेवा. शून्य हाही एक आकडा आहे आणि तो सरासरी खाली ओढतो. वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत पाठवा. साडेपाच तासांच्या घोळामुळे पावसाशी आलेख जुळवणं अशक्य होतं.

जागा आणि तपासणी

दख्खनच्या काळ्या बेसाल्टमध्ये युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम कमी असतं, त्यामुळे पठारावर जमिनीतून येणारा किरणोत्सर्गही कमीच. ग्रॅनाइटचं तसं नाही. स्वयंपाकघराच्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवलेलं यंत्र ओटा मोजतं, पुणं मोजत नाही. बाहेर, मोकळ्या जागी, जमिनीपासून साधारण एक मीटरवर ठेवा. नंतर जागा हलवलीत तर स्टेशनला नवा क्रमांक द्या, जुन्या आलेखाला नवी जागा चिकटवू नका.

तपासणीसाठी किरणोत्सर्गी स्रोत ऑनलाइन मागवू नका. आपल्याकडे त्यांच्यावर अणुऊर्जा नियामक मंडळाचं नियंत्रण आहे. धूर ओळखणारा डिटेक्टर फोडणं धोक्याचं तर आहेच, वर त्यातले अल्फा कण एसबीएम-२०च्या पत्र्यातून आत जातही नाहीत. पेट्रोमॅक्सच्या काही मँटलमध्ये थोरियम असतं, पण ते चुरगळून धूळ होते आणि ती श्वासात जाऊ शकते, म्हणून मी ते घरात सुचवत नाही. कृषी सेवा केंद्रातून म्युरेट ऑफ पोटॅश हे पोटॅशियमचं खत आणा. नैसर्गिक पोटॅशियममध्ये किरणोत्सर्गी पोटॅशियम-४० असतंच. प्लॅस्टिकच्या पातळ पिशवीत अर्धा किलो भरून ट्यूबला टेकवा, दहा मिनिटं मोजा, आकडा डब्यावर पेनाने लिहा. दर महिन्याला तीच पिशवी, तीच जागा. आकडा घसरला की व्होल्टेज तपासा.

आणि पहिला वळीव आला की आलेखाकडे नीट पाहा. जमिनीतून हवेत आलेल्या रेडॉन या किरणोत्सर्गी वायूपासून शिसं-२१४ आणि बिस्मथ-२१४ तयार होतात, पावसाच्या थेंबांबरोबर ती खाली येतात आणि ठोके वाढतात. यांचं अर्धायुष्य २७ आणि २० मिनिटांचं, त्यामुळे पाऊस थांबला की अर्ध्या-पाऊण तासात वाढ निम्म्यावर येते आणि तीन तासांत नाहीशी होते. आषाढातल्या संततधारेत हा उंचवटा बुटका असतो, कारण तेव्हाची हवा समुद्रावरून येते आणि तिच्यात रेडॉन फार थोडा. कोणाचा घाबरून फोन आला तर आधी विचारा, तिकडे पाऊस पडतोय का. आणि वळवात शेजारच्या सगळ्या स्टेशनांना उंचवटा दिसला, तुमच्या एकट्याला नाही, तर डबा उघडा.