कोकणात घरासाठी कडी-कोयंडे, बिजागऱ्या, हँडल घेताना फिनिश कसं निवडायचं

कडी-कोयंडे, बिजागऱ्या, टॉवर बोल्ट, हँडल ही खरेदी आपल्याकडे नेहमी शेवटी होते. पैसे संपत आलेले असतात, सुतार दार बसवायला येऊन थांबलेला असतो आणि दुकानदार कॅटलॉग समोर टाकून विचारतो ब्लॅक मॅट देऊ की रोज गोल्ड, मग रंग बघून काय ते ठरतं. घाटावर हे चालून जातं हो. पण वेंगुर्ला, मालवण, देवगड, गुहागर, हर्णे, मुरुड, कुठेही समुद्राच्या किंवा खाडीच्या जवळ घर असेल तर नाही चालत. इथे आधी आतला धातू बघायचा, मग त्याच्यावरचं कोटिंग, आणि रंग सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा केला की दोन पावसाळ्यांत हँडल बदलायची वेळ येते, आणि खर्च नुसत्या हँडलचा नसतो, जुने स्क्रू गंजून तुटलेले असतात, ते काढताना दाराचं लाकूड फुटतं, सुताराची मजुरी परत.

शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलोय ना आपण सगळे, तेच इथे कामाला येतं. दिवसा समुद्रावरून जमिनीकडे वारा येतो आणि त्याच्याबरोबर मिठाचे बारीक कण येऊन बसतात. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ स्वतःच हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणजे पाऊस नसला तरी त्या हँडलवर खाऱ्या पाण्याचा पातळ थर बसलेला असतो, रात्रभर. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड पण असतं आणि ते तर त्याहून बऱ्याच कमी आर्द्रतेला ओलं होतं. त्यामुळे एप्रिल-मेच्या कोरड्या वाटणाऱ्या दिवसांतही गंजणं थांबत नाही.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण खरेदी करताना लोक इथेच फसतात. सगळ्यांना वाटतं जे पावसात भिजतं ते आधी गंजणार, म्हणून फाटकाला भारी वस्तू घेतात आणि पडवीतल्या दाराला हलकी, कारण ते तर छपराखाली आहे. पण पाऊस मीठ धुऊन टाकतो. पडवीत, खिडकीच्या छज्जाखाली, हँडलच्या मागच्या बाजूला पाऊस पोचतच नाही, वारा मात्र पोचतो, तिथे मीठ साचत राहतं. स्टेनलेसच्या बाबतीत तर हे अगदी स्पष्ट दिसतं, वरून पावसानं धुतला जाणारा रेलिंगचा पाइप बरा असतो आणि त्याच पाइपाच्या खालच्या अंगाला तपकिरी डाग असतात, हात फिरवून बघा. म्हणून समुद्राकडे तोंड असलेल्या पण छपराखालच्या जागेला सगळ्यात चांगला माल लावायचा.

धातू ओळखायचा कसा? खिशात छोटा लोहचुंबक ठेवा. पिवळ्या चकचकीत हँडलला चुंबक घट्ट चिकटला तर ते पितळ नाही, लोखंडावर पितळी रंगाचा मुलामा आहे, परत ठेवून द्या. चिकटला नाही म्हणजे पितळच असं मात्र नाही, कारण आजकाल खूप हँडल झिंकच्या म्हणजे जस्ताच्या ओतीव मिश्रधातूची असतात, दुकानात त्याला कोणी जमॅक म्हणतं कोणी व्हाइट मेटल, त्यालाही चुंबक लागत नाही. स्क्रूच्या भोकाच्या आत, जिथे दिसणार नाही तिथे, कानसचा एक हात मारायला सांगा. आत पिवळं दिसलं तर पितळ, पांढरट राखाडी दिसलं तर झिंक. दुकानदार कुरकुरतो पण जो खरा माल विकतो तो मारून दाखवतो. वजनावरूनही कळतं, त्याच मापाचं पितळी हँडल झिंकच्या हँडलपेक्षा हाताला जड लागतं. झिंकवरचा क्रोम किंवा निकेल समुद्राजवळ फार टिकत नाही, सजावटी क्रोमचा थर एका मायक्रॉनपेक्षाही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही पातळ असतो, सगळा भार त्याच्याखालच्या निकेलवर, आणि निकेलला एक जरी बारीक छिद्र राहिलं की खारं पाणी आत जाऊन झिंक पांढरी भुकटी होऊन फुगतं आणि वरचा क्रोम पापुद्र्यासारखा निघतो.

स्टेनलेस म्हटलं की गंज नाही हा मोठा गैरसमज. बाजारात तीन नावं ऐकायला मिळतात, २०२, ३०४ आणि ३१६. २०२ मध्ये महाग निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं, ते समुद्राजवळ घराबाहेर लावूच नका, स्वस्त असलं तरी. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल, घरात आणि किनाऱ्यापासून बऱ्यापैकी आत असलेल्या घरांना उत्तम. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं आणि मिठातल्या क्लोराइडला तोंड देण्याची ताकद त्याच्यातून येते. समुद्र समोर दिसत असेल तर पुढच्या दाराला, गच्चीच्या रेलिंगला ३१६ घ्या, किंमत जास्त आहे पण वस्तू मोजक्या लागतात. चुंबकानं हे तिन्ही वेगळे ओळखता येत नाहीत, कोणी दुकानात चुंबक लावून बघा चिकटत नाही म्हणजे ३०४ असं दाखवलं तर तो काही पुरावा नाही. ड्रॉप टेस्टचं किट मिळतं, मॉलिब्डेनम आहे की नाही ते त्यातल्या थेंबाच्या रंगावरून कळतं, रेलिंगसारखं मोठं काम असेल तर फॅब्रिकेटरला ते समोर करून दाखवायला सांगा, आणि बिलावर ग्रेड लिहून घ्या. नुसत्या शिक्क्यावर जाऊ नका.

३०४ आणि ३१६ दोन्हीवर चहाच्या डागासारखे तपकिरी ओघळ येऊ शकतात. ते दिसायला वाईट, पण सुरुवातीला वरवरचे असतात. इथे फिनिशचा फरक पडतो. मिरर पॉलिश जितकं गुळगुळीत तितकं मीठ कमी धरतं. हेअरलाइन किंवा ब्रश फिनिशमध्ये बारीक रेघा असतात, त्या रेघांत मीठ बसतं, आणि रेघा आडव्या असल्या तर धुतलेलं पाणी पण तिथेच अडकतं. ब्रश फिनिशच आवडत असेल तर रेघा उभ्या येतील असा माल निवडा. बोटांचे ठसे दिसतात म्हणून लोक मिरर टाळतात, घरात टाळा, बाहेर नको.

पितळेबद्दल मी जरा पक्षपाती आहे हे सांगून टाकते. आपल्याकडच्या जुन्या घरांत पितळी कड्या, झोपाळ्याच्या पितळी साखळ्या अजून शाबूत आहेत ते उगाच नाही, पितळ काळवंडतं, कधी कोपऱ्यात हिरवं होतं, पण लोखंडासारखं पोखरून पडत नाही. घेताना लॅकर, म्हणजे वरून पारदर्शक वार्निश, न मारलेलं पितळ मागा. लॅकरवालं दुकानात सोन्यासारखं दिसतं, पण हात लागून लागून लॅकर एका ठिकाणी उडालं की तिथून खारी हवा आत शिरते, चट्टे चट्टे पडतात आणि मग ते पॉलिशनं जात नाहीत, सगळं लॅकर काढावं लागतं. साधं पितळ गणपतीच्या आधी एकदा आमसुलानं नाहीतर पितांबरीनं घासलं की झालं. आमसूल, चिंच, लिंबू काहीही वापरा पण घासून झालं की लगेच पाण्यानं धुवा आणि फडक्यानं कोरडं करा, आंबट तसंच राहिलं तर पितळेतलं जस्त निघून तांबूस डाग पडतात. घासायचं नसेल तर काळं पडू द्या, दाराला ते पण शोभतं.

पीव्हीडी फिनिशचं आता खूप चाललंय. हवा काढून घेतलेल्या चेंबरमध्ये टायटॅनियम किंवा झिर्कोनियमचं अतिशय कठीण पातळ कोटिंग बसवतात, सोनेरी, रोज गोल्ड, काळा असे रंग मिळतात, चरे सहजासहजी पडत नाहीत. पण पीव्हीडी म्हणजे गंजणार नाही अशी हमी नाही, तो थर फार पातळ असतो आणि आत काय आहे त्यावरच सगळं अवलंबून, ३१६ वर पीव्हीडी असेल तर डोळे मिटून घ्या, झिंकवर असेल तर घेऊ नका. आणि त्याला पितांबरी, राख, रांगोळी काही लावायचं नाही, ओलं फडकं पुरे.

ब्लॅक मॅट म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा साध्या लोखंडावर पावडर कोटिंग, म्हणजे रंगाची पावडर मारून भट्टीत भाजलेला थर असतो. पावडर कोटिंग वाईट नाही, पण ते कडांवर पातळ बसतं आणि स्क्रू पिळताना स्क्रूच्या भोकाशी हमखास टवका उडतो. पडवीच्या दाराची अशी एखादी काळी बिजागरी जवळ जाऊन बघा. वरून काळी दिसते, भोकाच्या कडेला मात्र मुगाएवढा फोड असतो. नखानं दाबला तर तो मऊ लागतो, फुटतो आणि खालून लाल भुकटी बोटाला येते. गंज कोटिंगच्या खालून पसरत गेलेला असतो, म्हणून वरून रंग मारून काही होत नाही. काळाच रंग पाहिजे असेल तर आत ३०४ आहे का विचारा.

खिडक्यांचे ग्रिल आणि फाटक लोखंडीच असणार, तिथे स्टेनलेस परवडत नाही. मग हॉट डिप गॅल्व्हनायझिंग करून घ्या. वितळलेल्या जस्ताच्या साधारण ४५० डिग्रीच्या टाकीत सगळं ग्रिल बुडवतात, जस्ताचा जाड थर बसतो, दुकानात मिळणाऱ्या चमकत्या झिंक प्लेटेड स्क्रूवर त्याच्या तुलनेत नावापुरतं जस्त असतं. वेल्डिंग आधी पूर्ण करा आणि मग बुडवायला पाठवा, कारण नंतर वेल्डिंग केलं की तिथलं जस्त जळतं, साइटवर एखादा जोड मारावाच लागला तर त्यावर झिंक रिच प्रायमर लावा. आणि गॅल्व्हनाइज केलेल्या लोखंडावर थेट ऑइल पेंट नको, पोपडे निघतात, आधी एच (etch) प्रायमर, म्हणजे जस्ताला धरून बसणारा प्रायमर. गॅल्व्हनायझिंग न करता नुसतं घासून रेड ऑक्साइड मारायचं असेल तर निदान घासण्याआधी गोड्या पाण्यानं धुऊन, नीट वाळवून, त्याच दिवशी प्रायमर मारा, घासलेलं उघडं लोखंड रात्रभर ठेवलं तर सकाळी लाली आलेली असते.

अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्यांना २० ते २५ मायक्रॉनचं अ‍ॅनोडायझिंग, म्हणजे विजेच्या प्रक्रियेनं धातूवरच तयार केलेला संरक्षक थर, मागा. आणि प्लास्टर, चुना ओला असताना त्याला लागू देऊ नका, पांढरे डाग कायमचे.

बाथरूममध्ये पितळी बॉडीवर क्रोम हे अजूनही सगळ्यात चांगलं. अंगणातल्या, परसातल्या नळाला पीटीएमटीचे प्लास्टिकचे नळ लावा, गंजायचा प्रश्नच नाही. बाथरूमचा खरा शत्रू मीठ नसून टाइल्स बसवल्यावर मारलेलं अ‍ॅसिड आहे, त्याच्या वाफेनं नवीन स्टेनलेसचा टॉवेल रॉड एका रात्रीत डागाळतो. म्हणून अ‍ॅसिड मारून, भरपूर पाण्यानं धुऊन, दोन दिवस खिडकी उघडी ठेवून मगच नळ, रॉड, बिजागऱ्या बसवायला सांगा. टॉयलेट क्लीनरमध्ये पण बरेचदा तेच अ‍ॅसिड असतं, त्याचे शिंतोडे उडाले तर लगेच धुवा.

स्क्रू! चांगली पितळी बिजागरी आणायची आणि सुताराच्या डब्यातले लोखंडी स्क्रू मारायचे हे मी इतक्या घरांत बघितलंय. दोन वेगळे धातू खाऱ्या ओलाव्यात एकमेकांना टेकले की कमकुवत धातू आधी खाल्ला जातो, इथे तो छोटा स्क्रू असतो, मग दार लोंबतं. पितळेला पितळी स्क्रू, ३०४ ला ३०४ चे, ३१६ ला ३१६ चेच. गावातल्या हार्डवेअरमध्ये ३१६ चे मिळाले नाहीत तर बंदराजवळ बोटींचं सामान विकणाऱ्यांकडे विचारून बघा. अ‍ॅल्युमिनियमला स्टेनलेस स्क्रू लावताना मध्ये नायलॉनचा वॉशर टाका.

काम चालू असताना फॅब्रिकेटर ग्राइंडरनं लोखंड कापत असेल तर स्टेनलेसचं सामान तिथून हलवा किंवा झाका. उडालेला लोखंडाचा कीस स्टेनलेसवर बसतो आणि आठवड्यात लाल ठिपके येतात, मग दोष हँडलवर जातो. तारेच्या घासणीनं स्टेनलेस घासू नका, त्याचंही तेच होतं.

मुंबईत राहणाऱ्या आणि घर गणपती-शिमग्यालाच उघडणाऱ्यांनी वेगळा हिशोब करावा. तुमच्याकडे धुणारं, पुसणारं कोणी नाही, तेव्हा बाहेरच्या बाजूला साधं पितळ, ३१६ किंवा हॉट डिप एवढंच ठेवा आणि कुलूप पितळी बॉडीचं, स्टेनलेस दांडीचं घ्या. जे वर्षभर राहतात त्यांनी पाऊस थांबला की दिवाळीपासून मेपर्यंत दर पंधरा दिवसांनी समुद्राकडची हँडल, बिजागऱ्या, रेलिंगची खालची बाजू गोड्या पाण्याच्या फडक्यानं पुसायची आणि कोरडी करायची. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर ते यासाठी वापरू नका. पावसाळ्याआधी गाडीचं वॅक्स एकदा लावलं तर अजून चांगलं, खोबरेल तेल नको, ते चिकट होऊन धूळ धरतं.

सगळ्या घराची ऑर्डर एकदम देऊ नका. पाया घालतानाच जे दोन-तीन फिनिश आवडलेत त्यांचा एक-एक नग आणा, एका फळीवर त्यांच्याच स्क्रूनं बसवा आणि ती फळी समुद्राकडच्या बाजूला छपराखाली टांगून ठेवा, पुसू नका. घर बांधून होईपर्यंत वर्ष जातंच, तोपर्यंत स्क्रूच्या भोकाशी आणि मागच्या बाजूला काय झालंय ते बघून मग बाकीचे नग मागवा, त्याच दुकानातून, त्याच ग्रेडचे, आणि डझनभर स्क्रू जास्तीचे.