मास्टर क्लॉक हाताळायला शिकताना

स्टुडिओत रुजू होऊन तीन महिने झाले होते, तेव्हा मास्टर क्लॉक, म्हणजे उपग्रहांकडून वेळ घेऊन स्टुडिओतल्या सगळ्या यंत्रांना पुरवणारं मुख्य घड्याळ, माझ्याकडे आलं. वीजपुरवठ्याच्या देखभालीसाठी रात्री यंत्रांचा रॅक बंद केला होता. पहाटे मी तो सुरू केला. उपग्रहांची संख्या आठवर गेली, 'लॉक'चा, म्हणजे उपग्रहांचे संकेत पक्के पकडल्याचा, हिरवा दिवा लागला आणि भिंतीवरची सगळी घड्याळं एका ठेक्यात चालू लागली. मी निश्चिंत झाले. काही मिनिटांतच तास भरला, ऑटोमेशनने (ठरल्या वेळी कार्यक्रम आपोआप लावणाऱ्या यंत्रणेने) मुख्य केंद्राची लाइन घेतली आणि बातमीपत्राच्या आधी त्यांच्या चालू कार्यक्रमाचं शेपूट आमच्या श्रोत्यांना ऐकू गेलं. आम्ही दोन सेकंद पुढे होतो.

मी धावत जाऊन सगळं तपासलं. कंट्रोल रूममधलं घड्याळ, रेकॉर्डर, ऑटोमेशनचा संगणक, सगळे एकमेकांशी तंतोतंत जुळत होते. जुळणारच होते, कारण सगळे त्याच एका यंत्राकडून वेळ घेत होते. मास्टर क्लॉकची चूक घरातल्या घरात दिसत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. नव्याने या कामात येणाऱ्यांना मी सगळ्यात आधी हेच सांगते.

वरिष्ठ अभियंता येईपर्यंत घड्याळ आपोआप बरोबर झालं होतं. त्यांनी मला खोटं पाडलं नाही, शेजारी बसवून कारण समजावलं. जीपीएसची स्वतःची वेळ ६ जानेवारी १९८० पासून अखंड चालते, तिच्यात लीप सेकंद मिळवत नाहीत. लीप सेकंद म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ राखायला यूटीसीत, म्हणजे जगाच्या प्रमाणवेळेत, अधूनमधून घातलेला जादा सेकंद. त्यामुळे १ जानेवारी २०१७ पासून ती यूटीसीच्या १८ सेकंद पुढे आहे. रिसीव्हर हा फरक वजा करून यूटीसी दाखवतो. फरकाचा आकडा उपग्रहच पाठवतात, पण त्यांचा पूर्ण संदेश यायला साडेबारा मिनिटं लागतात. तोवर रिसीव्हर आठवणीतला आकडा वापरतो. आमच्या यंत्राची आतली बॅटरी संपली होती, म्हणून त्याने फर्मवेअरमधला, म्हणजे यंत्रातच बसवलेल्या सॉफ्टवेअरमधला, जुना आकडा धरला: १६. हा फरक जुलै २०१२ ते जून २०१५ या काळातला. लॉक खरा होता, उपग्रह खरे होते, फक्त वजाबाकी जुनी होती.

तेव्हापासून थंड पडलेलं मास्टर क्लॉक सुरू केलं की मी पंधरा-वीस मिनिटं त्याच्यावर काहीही सोपवत नाही. मेनूमध्ये लीप सेकंदाचा आकडा पाहते, तारीखही पाहते. तारखेकडे नवखे लोक बघतच नाहीत. जीपीएसचा आठवड्यांचा मूळ मोजक दर १०२४ आठवड्यांनी शून्यावर येतो. एप्रिल २०१९ मध्ये तो असा फिरला, तेव्हा काही जुने रिसीव्हर जवळपास वीस वर्षं मागची तारीख दाखवू लागले. अशा वेळी तास-मिनिटं अगदी बरोबर असतात आणि रेकॉर्डिंगच्या फाइली मात्र भलत्याच वर्षात जाऊन पडतात.

पडताळणी नेहमी बाहेरच्या स्रोताशी करा. त्याच नेटवर्कवरच्या संगणकाशी ताडून पाहणं म्हणजे घड्याळ आरशात बघण्यासारखं आहे. वेगळ्या अँटेनाचा दुसरा जीपीएस रिसीव्हर सगळ्यात चांगला. तासाला वाजणारे 'पिप्स' ऐकून पडताळत असाल, तर ते कोणत्या वाटेने आले ते आधी पाहा. डिजिटल रेडिओवर आणि इंटरनेटवर आवाज उशिरा पोहोचतो. त्या पिप्सवर घड्याळ लावलंत तर तो उशीर तुम्ही मास्टर क्लॉकमध्येच भरून ठेवाल.

अँटेना गेली आणि हातानेच वेळ लावायची पाळी आली, तर येणाऱ्या मिनिटाचा आकडा आधी भरून ठेवा आणि ठोक्याला बटण दाबा. बोटाला साधारण पाव सेकंद लागतोच, तेवढी चूक गृहीत धरा आणि नोंदवहीत 'हाताने लावली' असं लिहा. मात्र जीपीएस नुसतं थोडा वेळ तुटलं असेल तर हात लावू नका. यंत्र 'होल्डओव्हर'मध्ये जातं, म्हणजे आतल्या क्रिस्टलच्या भरवशावर चालतं. दहा लाखांत एक भाग चुकणारा क्रिस्टल दिवसाला ८६ मिलिसेकंद भरकटतो. तापमान स्थिर राखणाऱ्या भट्टीतला क्रिस्टल याच्या कितीतरी पट चांगला. तुमच्या बोटापेक्षा तो बराच काळ जास्त विश्वासू राहतो.

अँटेनाबद्दल एकच सांगते. तिला उघडं आकाश लागतं आणि तिच्यातल्या अँप्लिफायरला वीज त्याच केबलमधून जाते. मध्ये वीज अडवणारा साधा स्प्लिटर कुणी घातला की ती मुकी होते. आम्ही रिसीव्हर बिघडला म्हणून तो उघडून बसलो होतो. दोष छतावरच्या स्प्लिटरमध्ये होता.

मास्टर क्लॉकपासून पुढच्या यंत्रांना वेळ वाटण्याचे रस्ते निरनिराळे आहेत आणि इथे गोंधळ फार होतो. वर्ड क्लॉक वेळ सांगत नाही. ते ऑडिओ नमुन्यांचा ठेका देतं, सेकंदाला ४८,००० वगैरे. किती वाजले हे त्याला ठाऊकच नसतं. एलटीसी टाइमकोड (ऑडिओ केबलवरून जाणारा वेळेचा संकेत) वेळ सांगतो, पण फ्रेमच्या, म्हणजे व्हिडिओतल्या एकेका चित्राच्या भाषेत. सेकंदाला २५ फ्रेमचं काम असेल तर सुख आहे. २९.९७ मध्ये ड्रॉप-फ्रेम (अधूनमधून फ्रेमचे काही आकडे गाळणारी मोजणी) न निवडल्यास टाइमकोड तासाला ३.६ सेकंद मागे पडतो. ड्रॉप-फ्रेम निवडूनही दिवसाअखेर काही फ्रेमचा फरक उरतोच, म्हणून रोज ठरलेल्या शांत वेळी जॅम सिंक करतात, म्हणजे टाइमकोड खऱ्या वेळेशी पुन्हा जुळवतात. संगणकांना एनटीपीने, म्हणजे नेटवर्कवरून वेळ वाटण्याच्या पद्धतीने, वेळ मिळते. मास्टर क्लॉक तिथे स्ट्रेटम १, म्हणजे मूळ स्रोताला थेट जोडलेल्या पायरीवर, दिसायला हवं. १६ दिसलं तर समजा, त्याचा स्वतःचाच लॉक गेलाय.

स्थानिक वेळेचा ऑफसेट (यूटीसीपासूनचा फरक) मास्टरमध्ये लावायचा की प्रत्येक घड्याळात, हे एकदाच ठरवा. दोन्हीकडे लावला की तो दोनदा मिळवला जातो. एनटीपी कायम यूटीसीच वाटतं, तिथे स्थानिक वेळ ढकलायचा प्रयत्नच करू नका.

चूक सापडली की ती लगेच दुरुस्त करायला हात शिवशिवतात. प्रसारण चालू असताना थांबा. ऑटोमेशनचं घड्याळ दोन सेकंद मागे उडालं तर कार्यक्रमांच्या यादीतली तीच नोंद पुन्हा चालू शकते. पुढे उडालं तर एखादी नोंद सुटू शकते. एनटीपीला उडी न घेता हळूहळू सरकायला सांगता येतं, पण ती चाल मंद असते: दहा लाखांत जास्तीत जास्त ५०० भाग, म्हणजे एक सेकंद भरून यायला २००० सेकंद. तेवढा वेळ स्टुडिओतली घड्याळं एकमेकांशी जुळणार नाहीत, हे निवेदकांना आधी सांगा. मी आता दुरुस्तीआधी ड्यूटी अधिकाऱ्याला फोन करते, मोठा अखंड कार्यक्रम लागेपर्यंत वाट पाहते आणि नोंदवहीत चार गोष्टी लिहिते: स्रोत, लीप सेकंदाचा आकडा, बाहेरच्या घड्याळाशी असलेला फरक आणि बॅटरी कधी बदलली ती तारीख.