बचत गटाच्या बायकांना ‘द लाँग वॉक होम’ दाखवायचा असेल तर

आमच्या खानदेशातल्या अमळनेर-पारोळ्याकडच्या गावांमध्ये बचत गटाची मीटिंग म्हणजे हप्ते, सह्या, वहीवर अंगठा आणि चला घरी भाकरी टाकायच्यात. त्याच बायकांना एका रात्री सिनेमा दाखवायचा आणि तो पण इंग्रजी, असं म्हटलं की आधी सगळे हसतात. पण दाखवता येतो, चांगला रंगतो, फक्त तयारी वेगळी लागते. ती लिहिते.

सिनेमा ‘द लाँग वॉक होम’, १९९० चा, लांबी दीड तासाच्या थोडी वर. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातलं मॉन्टगोमेरी शहर, साल १९५५-५६, काळ्या लोकांनी सिटी बसवर बहिष्कार टाकला तेव्हाची गोष्ट. ओडेसा ही काळी बाई (व्हूपी गोल्डबर्ग) मिरियम नावाच्या गोऱ्या बाईच्या (सिसी स्पेसेक) घरी कामाला आहे, बसमध्ये चढायचं नाही म्हणून रोज पायी कामावर जाते, पायीच घरी येते, आणि यातून दोन्ही घरात काय काय हलतं ते दाखवलंय. मोठे पुढारी जवळजवळ नाहीतच. म्हणूनच हा निवडायचा, स्वयंपाक, पोरं, नवरा, मालकीण आणि पायपीट यांच्यातूनच सगळं कळतं त्यामुळे भाषा आली नाही तरी निम्मा सिनेमा डोळ्यांनीच समजतो.

उरलेला निम्मा तुम्हाला सांगावा लागणार. खालची इंग्रजी अक्षरं आपल्या बायकांच्या काही कामाची नाहीत. तर एक सांगणारी ठरवा, एकच, दोघी-तिघी मध्ये मध्ये बोलायला लागल्या की गोंधळ होतो. तिने सिनेमा आधी एकटीने बघायचा, मग परत एकदा वही घेऊन बघायचा आणि कुठे थांबवायचं ते मिनिटासकट लिहून ठेवायचं. सीन चालू असताना वरून बोलत राहायचं नाही. सीनच्या आधी थांबवा, दोन-तीन वाक्यात सांगा की आता हे होणार आहे, अहिराणीत सांगा, आणि मग सोडून द्या. ‘पुढे काय होतं ते आधीच सांगितलं तर मजा जाईल’ असं शहरातल्या लोकांना वाटतं, आपल्याकडे रामलीला आणि तमाशा बघत आलेल्या बायकांना गोष्ट माहीत असली तरी काही फरक पडत नाही, त्या बघतात कोण कसं वागतं ते.

सगळ्यात जास्त वेळ बसच्या नियमाला द्या. हे नीट कळलं नाही तर पुढचं सगळं वाया, बायका म्हणतात बस आहे ना मग चालते कशाला येडी. तोंडी सांगून कळत नाही, खुर्च्या मांडा. मॉन्टगोमेरीच्या बसमध्ये ३६ सीटं होती, पुढची १० गोऱ्यांची, रिकामी असली तरी काळ्या माणसाने तिथे बसायचं नाही. तेवढ्या खुर्च्या नसतील तर सतरंजीवर खडूने आखा. मग एकीला पुढच्या दाराने चढवा, तिकिटाचे पैसे घ्या (तेव्हा १० सेंट होते), आणि सांगा आता खाली उतर, मागच्या दाराने परत चढ. काही वेळा ती मागे पोचायच्या आतच ड्रायव्हर बस सोडून द्यायचा, पैसे गेले ते गेले. हे करून दाखवलं की हशा होतो आणि मग एखादी म्हातारी म्हणते, माय वं, पैसे घिसन (पैसे घेऊन)? तिथून पुढे समजवायची गरज पडत नाही.

मग मधल्या सीटांचा नियम दाखवा, तो तर अजून भारी आहे. गोरी माणसं वाढली की मधल्या ओळीतल्या काळ्यांनी उठायचं, आणि एकाच गोऱ्याला जागा हवी असली तरी अख्खी ओळ रिकामी करायची, कारण गोरा आणि काळा एका ओळीत बसायचे नाहीत. १ डिसेंबर १९५५ ला रोझा पार्क्स नावाच्या काळ्या बाई अशाच ओळीत बसल्या होत्या, वय ४२, एका मोठ्या दुकानात शिवणकाम करायच्या. चौघांना उठायला सांगितलं, तिघं उठले, त्या उठल्या नाहीत, अटक झाली. ५ डिसेंबर, सोमवारपासून काळ्या लोकांचं बसमध्ये चढणं बंद. तो बंद ३८१ दिवस चालला. हा आकडा सांगताना वर्षभराचे सण सांगा, म्हणजे एका दिवाळीपासून पुढची दिवाळी होऊन वर काही दिवस, इतका वेळ शहरातले हजारो लोक बसमध्ये चढले नाहीत. आकड्यापेक्षा ते पटकन लक्षात राहतं.

सिनेमात नसलेल्या तीन-चार बायका तुम्ही तोंडाने आणा, कारण त्यांच्याशिवाय हे सगळं झालंच नसतं. क्लॉडेट कोल्व्हिन, १५ वर्षांची शाळकरी पोरगी, रोझा पार्क्सच्या नऊ महिने आधी, मार्च १९५५ मध्ये ती सीटवरून उठली नाही म्हणून तिला पकडून नेलं होतं. जो अ‍ॅन रॉबिन्सन, कॉलेजात शिकवायच्या, बायकांच्या एका संघटनेच्या पुढारी, अटकेच्या त्याच रात्री कॉलेजातल्या सायक्लोस्टाइल मशीनवर हजारो पत्रकं छापून सकाळी वाटायला बाहेर पडल्या. आणि कोर्टात ज्या केसमुळे बसमधला भेदभाव बेकायदा ठरला त्या केसमध्ये नावं चार बायकांची होती, क्लॉडेट त्यातली एक. नोव्हेंबर १९५६ ला वरच्या कोर्टाने शिक्का मारला, २१ डिसेंबरपासून काळे लोक पुढच्या सीटवर बसून निघाले.

पण बचत गटात सगळ्यात जास्त चालते ती जॉर्जिया गिलमोर. ही स्वयंपाकीण. तिने बायका गोळा केल्या, जेवणाची पार्सलं आणि केक-पाय करून विकायला लावले आणि तो पैसा बंदासाठी दिला, म्हणजे लोकांना ने-आण करणाऱ्या गाड्यांचं पेट्रोल वगैरे. कोणाची नावं बाहेर जायला नकोत, कारण बऱ्याच जणी गोऱ्यांच्या घरी कामाला, कळलं तर काम जाणार. म्हणून गटाचं नावच ठेवलं ‘कुठलाच नाही तो क्लब’, पैसा कुठून आला विचारलं तर कुठूनच नाही. हे सांगितलं की आपल्या बायका लगेच हिशोबावर येतात, किती जणी होत्या, पैसा कोणाकडे राहायचा, वही कोण लिहायचं. बोलू द्या, सिनेमा दहा मिनिटं उशिरा चालू झाला तर काही बिघडत नाही.

आता आपल्याकडचं. ‘हे अमेरिकेतलं, आपल्याला काय’ असं कोणी म्हणायच्या आत चाळीसगावचा टांगा सांगा. १९२९ साल. डॉ. आंबेडकर सरकारी कमिटीच्या कामाने खानदेशात आले होते, परत जाताना चाळीसगावला उतरले, तिथल्या लोकांनी मुक्कामाचा आग्रह केला. स्टेशनवरून महारवाड्यात न्यायला टांगा पाहिजे, पण टांगेवाले हाकायला तयार होईनात, महाराला बसवून टांगा हाकणं त्यांना कमीपणाचं. शेवटी टांगा मिळाला, हाकायला मात्र आपलाच माणूस, त्याला टांग्याची सवय नाही. वाटेत नदीवरच्या पुलावर टांग्याचं चाक कडेच्या दगडाला धडकलं, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, पाय मोडला. त्यांनी स्वतः हे लिहून ठेवलंय. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेला माणूस आणि टांगेवाल्याला वाटतं मी याच्यापेक्षा वरचा. बस आणि टांगा शेजारी शेजारी ठेवले की वेगळं भाषण लागत नाही, आणि भाषण करूच नका.

सिनेमा थांबवायच्या जागा. बागेचा सीन पहिला: ओडेसा मालकिणीच्या पोरीला बागेत नेते, पोलीस तिला हुसकावतो, कारण बाग गोऱ्यांची. आधी एवढंच सांगा की पोरगी सांभाळायला काळी बाई चालते, पण बागेत बसलेली चालत नाही. दुसरा नाताळच्या जेवणाचा: घरचे पाहुणे काळ्यांबद्दल वाट्टेल ते बोलतात आणि ओडेसा तिथेच वाढत असते. इथे पाहुण्यांचे डायलॉग एकेक समजवत बसू नका, बायकांना म्हणा फक्त वाढणारीकडे बघा. कोणाच्या घरी वाढायला गेलेली बाई खोलीत असतेच, तिला हा सीन तुमच्यापेक्षा जास्त कळतो. तिसरा ओडेसाच्या पोरीचा, ती बंद मोडून बसमध्ये चढते, गोरी पोरं मागे लागतात, भाऊ मध्ये पडतो आणि मार खातो. हा आयांना फार लागतो, लहान पोरं पुढे बसलेली असतील तर आधीच मागे घ्या. शेवटच्या गर्दीत एक घाणेरडी शिवी सारखी येते, तिचं मराठी करू नका, ‘काळ्यांना देतात ती शिवी’ एवढं पुरे.

एक गोष्ट मला या सिनेमात खटकते ती सांगते. अर्धा सिनेमा मालकिणीचा आहे, ती कशी बदलली, नवऱ्याशी कशी भांडली, आणि गोष्ट सांगणारी पण तिचीच पोरगी. त्यामुळे बघणाऱ्या बायका म्हणायला लागतात, मालकीण किती चांगली हो. चांगली आहेच, पण ती आधी गाडीतून सोडायला लागते ते ओडेसा कामावर उशिरा येते म्हणून, घरचं काम अडतं म्हणून. हे नक्की विचारा: मालकिणीने गाडी दिली नसती तर ओडेसा चालायची थांबली असती का? यावर चांगली वादावादी होते.

बाकी प्रश्न विचारताना ‘या सिनेमातून काय शिकलात’ असलं काही विचारू नका, शाळेसारखं उत्तर येतं, एकी पाहिजे ताई. विचारा की तुम्ही सगळ्यात लांब कामाला पायी कुठे गेलात. कापूस वेचायला जाताना ट्रॅक्टर कोणाला नेतो, कोण मागून चालत येतं. पाणी कोणी वरून ओततं का. आणि हे लक्षात ठेवा की आपल्या खोलीत शेतमालकीण आणि तिच्याच शेतात रोजाने जाणारी अशा दोघी एकाच सतरंजीवर असतात, हप्ता दोघी भरतात. मजूर बाईला सगळ्यांसमोर ‘तुझा अनुभव सांग’ म्हणून उभी करू नका, उद्या तिला त्याच शेतात जायचंय. सांगायचं असेल तर ती चहाच्या वेळी सांगते. एकदा एक जण फक्त ‘हाई ते आपलंच शे’ (हे तर आपलंच आहे) एवढंच बोलली आणि कप घेऊन बाहेर गेली, तिच्या मागे जायचं नसतं.

दिवस कोणता धरायचा? वेचणीच्या दिवसात कोणी येणार नाही, आली तरी झोपेल. अखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आठवड्यात धरा, लेकी माहेरी आलेल्या असतात, झोके-गाणी चालू असतात, रात्री बाहेर बसायची सवय असते. मात्र तेव्हा दिवस मोठा, पुरता अंधार पडल्याशिवाय पडद्यावर काही दिसत नाही. प्रोजेक्टर नसेल तर कोणाचा मोठा टीव्ही ओट्यावर काढा, पंधरा-वीस जणींना पुरतो. पेनड्राइव्ह आधी लावून बघा, स्पीकर वेगळा आणा, लाइट जाणारच असं धरून इन्व्हर्टरवाला बघून ठेवा. कॉपी विकत घेतलेली किंवा भाड्याची वापरा. घरच्या बघण्यासाठी घेतलेली कॉपी गावभर जाहीर शो करायला चालत नाही, तसा मोठा कार्यक्रम करायचा तर हक्कवाल्यांची परवानगी लागते, आणि तिकीट लावायचा तर विचारच सोडा.

पुरुष मंडळी दारात येऊन उभी राहतातच. मागे बसा म्हणायचं, पुढच्या खुर्च्या बायकांच्या, आणि कोणी कुरकुर केली की बायका स्वतःच बसचा नियम ऐकवतात त्याला.

आणि वेळच कमी असेल, म्हणजे मीटिंगनंतर फक्त पाऊण तास मिळाला, तर अख्खा सिनेमा पळवत दाखवू नका. खुर्च्यांची बस करा, मग बाग, मग नाताळचं जेवण, आणि थेट शेवटची दहा मिनिटं जिथे लोकांना ने-आण करणाऱ्या गाड्यांच्या मैदानात गोऱ्या पुरुषांचा घोळका ओरडत असतो आणि बायका हात धरून गायला लागतात. मधलं तोंडाने सांगा. पूर्ण सिनेमा कधी ते त्याच रात्री वहीत तारीख टाकून ठरवून घ्या, नाहीतर पुढच्या हप्त्यापर्यंत विषय राहून जातो.